बोलंल की सावकाश

सुपे पेट्यात, म्हणजे तालुक्याहून लहान अशा रानातल्या मुलखात, मी लहान मुलांना रडवण्याची नोकरी केली. सरकारी कागदात तिचं नाव लस टोचणाऱ्याची जागा असं होतं. गावात मला देवीमामा म्हणत, आणि मी येतोय असं कळलं की आया पोरांना भाताच्या कणगीमागं लपवत. या अंकासाठी देवीच्या साथींविषयी लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. साथी मी पाहिल्या. पण त्यांच्याविषयी लिहायला माझ्याहून जाणते लोक आहेत. नोकरी सुटल्यावर माझ्या मनात जे येत राहतं ते साथींचं नसतं. ते न बोलणाऱ्या मुलांचं असतं, आणि त्यातही गुंद गावच्या एका घरातल्या बहीणभावांचं.

टोचणाऱ्याचा आणि मुलांच्या बोलण्याचा संबंध काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. तो आधी सांगतो.

दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि शिमग्याच्या सुमारास संपायचा, कारण उन्हाळ्यात लस टिकत नसे. लस वासराच्या अंगावर तयार करून काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायच्या, मडकं कृष्णा शिपायाच्या डोक्यावर, आणि आम्ही दोघं रानातून चालत. जोयडा, गुंद, तिथून पुढं दिग्गी. दिग्गीला जायचं तर दिवसभर जंगलच तुडवायचं. कुणब्यांची घरं डोंगराच्या कुशीत अशी विखुरलेली, की एका घरातली हाक दुसऱ्या घराला पोचू नये. गावात गेलो की कोलकार, म्हणजे गावचा चाकर, हलगी वाजवायचा. आया देवळापुढं जमायच्या. मुलाच्या दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, पात्यानं बारीक ओरखडे काढायचे, मूल किंचाळायचं आणि आई मला शिव्या द्यायची. आठवड्यानं परत जाऊन फोड धरला का ते बघायचं. धरला असला तर तीच आई ताक आणून द्यायची.

असा हा फेरा दरवर्षी. त्यामुळं पेट्यातलं जवळजवळ प्रत्येक मूल मी एकदा आईच्या मांडीवर पाहिलेलं असे, आणि पुढं धाकट्याला टोचायला गेलो की तेच थोरलं होऊन दारात उभं दिसे. कोण चालायला लागलं, कोण गेलं, कोण अजून बोलत नाही, हे न विचारता कळायचं. शिवाय जिथं डॉक्टर फिरकत नाही तिथं हातात पातं असलेला कुठलाही माणूस डॉक्टरच. पोटदुखीपासून बैलाच्या खुरापर्यंत लोक मला विचारत. मला टोचण्यापलीकडं काही येत नाही असं मी सांगायचो, आणि ते माझ्या विनयाचं लक्षण समजलं जायचं.

गुंदला नागोजी नावाचे एक वजनदार शेतकरी होते. गाव त्यांना आज्जा म्हणायचं. त्यांचा मुलगा भैरू आणि सून पारू. पारूचं माहेर बेळगावकडचं. तिचा भाऊ बेळगावात बैलगाडी हाकायचा. या घरातली पहिली मुलगी गोदी. ती तान्ही असताना मी तिला टोचलं तेव्हा ती इतर पोरांसारखीच रडली होती, आणि फोड बघायला गेलो तेव्हा मांडीवर पडून हुंकारतही होती. वेगळं असं काही मला दिसलं नव्हतं.

मधे दोन हिवाळे गेले. पुन्हा गुंदला गेलो त्या सकाळी आज्जांच्या अंगणात मी खोकं उघडून बसलो होतो. कोलकारानं फाटकाशी हलगी बडवली. अंगणातली पोरं तिकडं धावली. गोदी माझ्यापासून हातभर अंतरावर तुसात बोटानं रेघा काढत बसली होती. ती उठली नाही. तिनं मान वर केली ती शेजारचा पोरगा तिच्या रेघांवरून पळाला तेव्हा. मग ती त्यांच्यामागं धावली.

पारूनं ते पाहिलं आणि मी पाहिलं हेही पाहिलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, हिला अजून आव्वा म्हणून मला हाक माराय बी येईना. तान्ही हुती तवा लई बडबडायची. मग मुकीच झाली. मी पाठीमागनं तांब्या आपटून बगितला, वळली न्हाई."

ओट्यावरून आज्जा म्हणाले, "दार आपटलं की वळती की न्हाई? मग? ऐकू येतंय तिला."

"दाराला वळती, मामांजी. हाकंला वळत न्हाई."

"पोरगी हट्टी हाय. ह्यो भैरू पाच वर्साचा हुईस्तवर बोलला न्हवता. इचार तुज्या नवऱ्याला. आता गप बस म्हटलं तरी बसंना. बोलंल की सावकाश."

भैरू हसला. त्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती आणि ती खोटीही नव्हती. गावातल्या म्हाताऱ्यांनी नंतर मला तीच सांगितली. भैरू खरंच उशिरा बोलला होता. आज्जा खोटं बोलत असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं. ते खरं बोलत होते, आणि एकाच्या बाबतीतलं खरं दुसऱ्याला लावत होते.

मी म्हटलं, "आज्जा, बेळगावला एकदा डॉक्टरला दाखवा."

"दाखवू. कापणी हू दे."

कापणी झाली, मग मळणी आली, मग जत्रा. पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा आज्जांनी देवीला चांदीची जीभ वाहण्याचा नवस केला होता. गोदीला रोज शंखातलं पाणी पाजत होते, जिभेला वेखंड आणि मध चोळत होते. यातलं काही तिच्या जिवाला अपायाचं नव्हतं, म्हणून मी काही बोललो नाही. त्यापुढच्या हिवाळ्यात मात्र मला बघून गोदी पळाली आणि गोठ्यात जाऊन बसली. जत्रेत एक फिरता वैदू आला होता. त्यानं जिभेखालची शीर आखडलीय म्हणून सांगितलं, चार माणसांनी पोरीला धरलं आणि त्यानं ती शीर कापली. पुष्कळ रक्त गेलं. तेव्हापासून अनोळखी माणूस दिसला की ती दोन्ही ओठ दातांखाली धरून बसायची.

आज्जांचं नातीवर प्रेम नव्हतं असं कोणी समजू नये. फणस फोडला की पहिला गरा तिचा. तिला खांद्यावर घेऊन ते शेताच्या बांधावरून फिरायचे आणि सारखे तिच्याशी बोलायचे. ती त्यांच्या खांद्यावर, त्यांच्या तोंडाकडं पाठ करून बसलेली असायची. एक शब्दही तिच्यापर्यंत पोचत नव्हता, हे त्यांना कसं कळावं?

गोदी हुशार होती. सहा-सात वर्षांची होईपर्यंत तिनं स्वतःची एक हातांची बोली तयार केली होती. आज्जा म्हणजे मिशीवरून बोट, आई म्हणजे कपाळाला टेकवलेलं बोट, पाऊस, वाघ, भात, सगळं तिच्या हातात होतं. मी म्हणजे दंडाला चिमटा. पण ही बोली येणारी माणसं घरात दोनच, ती स्वतः आणि पारू. बाकीचे तिला मुकी म्हणत, आणि थोड्या दिवसांनी खुळी म्हणायला लागले.

त्याच सुमारास कॅसलरॉकला एक प्रसंग घडला. तिथं गोव्याची हद्द लागते, म्हणून साथीच्या दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्यांची तपासणी चाले. त्या कामावर बेळगावचे एक डॉक्टर आले होते आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. रेल्वेच्या चाळीत रूळ बदलणारा एक सांधेवाला राहायचा. तो तेलुगू, बायको मराठी, शेजार सगळा कोंकणी. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा होत आला तरी दोन-चार शब्दांपलीकडं बोलत नव्हता. घरात तीन भाषा म्हणून पोर गोंधळलंय असं सगळ्यांनी त्या बाईला सांगितलं होतं. तिनं धसका घेऊन मुलाशी बोलणंच टाकलं होतं.

डॉक्टरांनी त्या मुलाला जमिनीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन बसले. तोंडापुढं कागद धरून पुटपुटल्यासारखं म्हणाले, "गूळ कुणाला पाहिजे?" मुलगा गर्रकन वळला. मग त्याला म्हणाले, "बाबांचा कंदील आण." तो आत जाऊन कंदील ओढत घेऊन आला. आणि कंदिलाची काच फुटलीय हे बोटानं डॉक्टरांना दाखवून परत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"बाई, हा बोलेल," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येतंय, कळतंय, आणि दुसऱ्याला काही दाखवायची हौस आहे. भाषा तीन असोत की चार, त्यानं मूल मुकं होत नाही. तुम्ही बोलणं कमी केलंत ते मात्र वाईट केलंत. त्याच्यासमोर बसून दिवसभर बडबडा. आणि सहा महिन्यांत शब्द वाढले नाहीत तर बेळगावला घेऊन या. बोलेल म्हटलं म्हणून विसरून जाऊ नका."

पुढच्या हिवाळ्यात मी त्याच्या धाकट्या बहिणीला टोचायला गेलो तेव्हा त्या पोरानं मला तीन भाषांत शिव्या दिल्या. नोकरीत खाल्लेल्या शिव्यांपैकी तेवढ्याच मला गोड वाटल्या.

डॉक्टरांनी त्या पोराला तपासलं त्याच संध्याकाळी चहा घेताना मी डॉक्टरांना गोदीबद्दल सांगितलं. दार आपटलं की वळते आणि हाकेला वळत नाही, हे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"दार आपटलं की जमीन हादरते," ते म्हणाले. "ते तिला पायांतून कळत असणार. मूल बोलत नाही म्हणून लोक जीभ बघतात. आधी कान बघावेत. तान्हेपणी बडबडायची म्हणता? बहिरं मूलही बडबडतं. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून काही महिन्यांनी ते थांबतं. तिथंच आईबापांनी जागं व्हायचं. वर्षाचं मूल नावाला वळायला हवं, बोटानं काही दाखवायला हवं. दीड वर्षात थोडे शब्द, दोन वर्षांत दोन शब्द जोडून काहीतरी. मागंपुढं होतं, सगळी मुलं एका मापाची नसतात. पण ऐकू येत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर एक दिवसही वाट बघू नये. आता वय काय तिचं?"

"आठवं लागलं असेल."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "तरी आणा."

आज्जा कशानं तयार झाले ते मला नक्की सांगता येणार नाही. नवस फळत नव्हता, आणि लोक आता गोदीला त्यांच्यादेखत खुळी म्हणू लागले होते. पारूची मधली दोन मुलं तान्हेपणीच वारली होती, आणि आता सिद्धू हा मुलगा झाला होता. नातवाच्या आनंदात आज्जा जरा मऊ झाले होते. "जावा. एकदा तुमच्या मनाचं समाधान हू दे," असं म्हणून त्यांनी स्वतः गाडी जुंपून दिली.

भैरू, पारू, गोदी, कडेवर सिद्धू आणि मी असे आम्ही निघालो. वाटेत सुप्याला मुक्काम केला, मग लोंढ्याला आगगाडी. गोदीनं गाडी कधी पाहिली नव्हती. इंजिनानं शिट्टी दिली तेव्हा फलाटावरची सगळी पोरं आयांना बिलगली. गोदी चाकांकडं बघून हसत होती. भैरूनं ते पाहिलं.

डॉक्टरांनी गोदीला तपासलं. पोलादाचा दोन दातांचा एक काटा त्यांच्याकडं होता. तो गुडघ्यावर आपटला की गुंजतो. कानाजवळ धरला तर गोदीला काही नाही. मग त्याचा दांडा त्यांनी तिच्या हनुवटीला टेकवला. तिचे डोळे मोठे झाले. तिनं डॉक्टरांचा हात धरून ठेवला आणि तो काटा पुन्हा आपट म्हणून खूण केली. पुन्हा, मग पुन्हा. तिनं तो कपाळाला लावून बघितला, दातांना लावून बघितला, मग आईच्या गालाला लावला. इतक्या दिवसांत प्रथमच तिनं परक्या माणसांसमोर तोंड उघडलं होतं.

"जन्मापासूनच असणार," डॉक्टर भैरूला म्हणाले. "कानातलं काही काढून बरं होण्यासारखं नाही. जीभ चांगली होती. ती कापायला नको होती."

भैरूनं विचारलं, "मग आता?"

"इथं एक मास्तर आहेत. मुंबईला अशा मुलांची शाळा आहे, तिथं ते शिकून आलेत. घरीच चार मुलं घेऊन बसतात. त्यांना विचारू. पण कान बंद असले की बोली डोळ्यांनी आणि हातांनी शिकावी लागते, आणि ती दोन-तीन वर्षांच्या वयात जशी भिनते तशी पुढं भिनत नाही."

हे बोलताना त्यांचं लक्ष पारूच्या मांडीवर गेलं. सिद्धू तेव्हा सात-आठ महिन्यांचा असेल. डॉक्टर उठून पारूच्या मागं गेले आणि तिच्या खांद्यामागून त्यांनी टाळी वाजवली. मी दचकलो, भैरू दचकला. सिद्धू आईच्या मंगळसूत्राशी खेळत राहिला. डॉक्टरांनी पितळी घंटा आणून दोन्ही बाजूंनी वाजवली. तो हसत होता, मणी तोंडात घालत होता, आणि तोंडानं ब-ब-ब असं काहीतरी चाललं होतं.

पारूला सांगावं लागलं नाही. ती रडलीही नाही. तिनं त्याला छातीशी धरलं आणि विचारलं, "साहेब, ह्याला कवा आणू?"

"आजपासूनच," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांच्या घरी आम्ही चार दिवस जात होतो. मास्तर तरुण होते, बोलताना ओठ स्वच्छ हलवायचे. त्यांनी गोदीसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणून दाखवलं, पट्टी हलली. गोदीनं फुंकर घातली, पट्टी हलली, तिला मजा वाटली. पण मास्तरांनी जिभेची जागा दाखवायला बोट तिच्या तोंडाकडं नेलं आणि ती जमिनीवर लोळण घेऊन किंचाळायला लागली. त्या वैदूनं जत्रेत जे कापलं होतं ते फक्त जिभेखालचं नव्हतं. तिला बेळगावात पारूच्या भावाच्या घरी ठेवून बघितलं. ती जेवेना. महिन्याच्या आत दोनदा स्टेशनावर सापडली, रुळांच्या कडेनं गुंदकडं निघालेली. शेवटी भैरू तिला घेऊन गेला.

मास्तर मला म्हणाले, "हिच्यासारखी डोक्याची मुलगी माझ्याकडं आजवर आली नाही. तीन वर्षांची मिळाली असती तर..."

सिद्धूचं शिक्षण मात्र खरोखर त्या दिवसापासून सुरू झालं. मास्तरांनी पारूला सांगितलं होतं, त्याच्याशी बोलताना उजेडाकडं तोंड करून बस, तुझा चेहरा त्याला दिसला पाहिजे. खांद्यावर घेऊन बोलू नको. जी वस्तू हातात तिचं नाव ओठांवर. हातांच्या खुणा करतेस त्या सोडू नको. पारूनं हे असं पाळलं की गावाला ती खुळी वाटायला लागली. विहिरीवर, चुलीपुढं, शेतात, दर ठिकाणी मुलाला समोर बसवून ती बोलायची. "बघ बाळा, पानी. पानी. गार पानी." सिद्धू अडीच वर्षांचा झाला तेव्हा तिनं सांगितलं, मी आता बेळगावला भावाकडं राहणार, मास्तरांकडं ह्याला रोज नेणार, पेरणीला तेवढी येणार.

त्या दिवशी मी गुंदलाच होतो. आज्जा म्हणाले, "एकाला घिऊन चाललीस. दुसरीचं काय?"

पारू म्हणाली, "दुसरीला पाच वर्सं तुमी 'सावकाश' म्हणालासा. मी बी गप ऱ्हायलो. आता न्हाई ऱ्हायाची."

सासऱ्याला उलटून बोललेली ती पहिलीच वेळ असावी. आज्जा उठून गोठ्याकडं गेले. भैरू म्हणाला, "जा तू. गोदीला मी बगतो." तो भला माणूस होता. पण गोदीची बोली त्याला येत नव्हती. घरात ती येणारं एकच माणूस होतं, आणि ते गाडीत बसून चाललं होतं. गोदी गाडीमागं ओढ्यापर्यंत धावत गेली. पारू गाडीतून हातांनी तिला सांगत होती, येते, पाऊस आला की येते. गोदीला ते समजलं असावं, कारण ती ओढ्याशी थांबली. त्यानंतर दर वर्षी आभाळ भरून आलं की ती ओढ्याशी जाऊन उभी राहायची, असं भैरूनं मला सांगितलं.

सिद्धू सहा-सात वर्षांचा झाल्यावर त्याला आमच्या टोचणीच्या हंगामात पहिल्यांदा गावी आणलं. मी मुद्दाम वाट वाकडी करून गुंदला गेलो. पोरगा ओट्यासमोर उभा राहिला, आज्जांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "आज्-जा. मी आलो." आवाज सपाट होता, नाकातला, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. पण शब्द शब्दच होते. त्यानं कोळशानं भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं, मग आज्जांचं लिहिलं.

आज्जा तेव्हा फार थकले होते. त्यांनी सिद्धूला जवळ ओढलं, खांद्यावर नाही, समोर, आणि त्याच्या दोन्ही गालांना हात लावून बसून राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मामा, भैरू पाच वर्सानं बोलला हे खोटं न्हवतं बगा."

"खोटं नव्हतं, आज्जा."

"त्यो बोलला नसता तर बरं झालं असतं. मी गोदीला तवाच न्हेली असती."

त्या उन्हाळ्यात आज्जा गेले.

गोदी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, उंच, कामाला वाघीण. सिद्धू बोलायला लागला की ती हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडं बघायची. एकदा तिनं त्याच्या गळ्यावर हात ठेवला. आत काहीतरी गुंजतंय हे तिला लागलं. तिनं तोच हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तोंड उघडलं. आवाज आला, मोठा आणि ओबडधोबड. अंगणातल्या बायका हसल्या, वाईट मनानं नव्हे. तिला हसू ऐकू गेलं नाही, पण चेहरे दिसले. तिनं ओठ दातांखाली धरले. माझ्यासमोर ती परत कधी आवाज काढताना दिसली नाही.

सिद्धूनं तिला अक्षरं शिकवायचा नाद घेतला होता. ती 'गोदी' लिहायला शिकली, 'भात', 'गाय' शिकली. पण नावाच्या पुढचं काही तिला धरता येईना. काल, उद्या, का, नसतं तर, अशा गोष्टी एका शब्दातून दुसऱ्या शब्दाकडं जाताना सुटून जायच्या. बोली पुढं भिनत नाही असं डॉक्टर म्हणाले होते ते हेच असावं. सिद्धू पुढं बेळगावात छापखान्यात खिळे जुळवायला लागला आणि अजून तिथं आहे. गोदीचं लग्न जमलं नाही.

आता कोणी मला विचारतं की मूल बोलत नाही, किती थांबावं, तर मी त्याला वय विचारण्याआधी तेच विचारतो जे डॉक्टरांनी मला बघायला सांगितलं होतं: हाकेला वळतं का, बोटानं दाखवतं का, आलेले शब्द गेले का. एवढं करून मन निःशंक झालं तरी दाखवून आणा म्हणतो. दाखवून आणलेलं मूल ठीक निघालं तर गाडीभाडं गेलं. गोदीच्या वयाची ती पाच वर्षं कोणत्या गाडीनं परत आणायची?

नोकरीच्या शेवटच्या हंगामात मी गुंदला गेलो तेव्हा पारू अंगणात सुपारी सोलत होती. केस पांढरे झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सिद्धूला बगून लोक म्हणत्यात, पारू नशीबवान. मला वाटतं, गोदीनं एक दिवस इचारलं, त्याला न्हेलंस, मला का न्हेलं न्हाईस, तर काय सांगू? पण तिला इचाराय येत न्हाई. देवानं तेवढं तरी झाकून ठेवलं."

मी मान हलवली. तिला सांगितलं नाही, पण त्याच सकाळी गोदीनं ते विचारलं होतं. गवताचा भारा घेऊन ती ओढ्याकडून येत होती. मला बघून थांबली, भारा उतरवला. तिनं सिद्धूची खूण केली, त्याचे ओठ, त्याचा गळा, आणि तिथून बाहेर येणारी बोटं. मग स्वतःकडं बोट दाखवून रिकामा तळवा पुढं धरला.

मला तिची बोली फार येत नव्हती. जे सुचलं ते केलं. जमिनीपासून दीड हात उंचीवर हात धरून दाखवलं, तो लहान होता, एवढा असताना त्याला नेलं.

गोदी माझ्या हाताकडं बघत राहिली. मग ती वाकली, तिनं आपला तळवा माझ्या हाताशेजारी, तेवढ्याच उंचीवर धरला, आणि दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मीही एवढी होते.

त्यानंतर तिनं भारा डोक्यावर घेतला आणि घराकडं गेली.